थायमस काढायचं ठरलंय? मग तारीख घेण्याआधी हे वाचा

मायस्थेनियाच्या, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराच्या, पेशंटचे नातेवाईक सर्जनच्या केबिनमधून बाहेर आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सिस्टर, लवकरात लवकरची तारीख मिळेल का?" माझंही उत्तर ठरलेलं. लवकरची नको, चांगली तारीख मागा. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात छातीच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात माझी नोकरी गेली, शेवटची वर्षं सिस्टर इन्चार्ज म्हणून. आत जाताना ज्याला नीट गिळता येत होतं आणि छाती भरून श्वास घेता येत होता, तो चार दिवसांत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना दिसायचा. ज्याला धापा टाकत असतानाच आत नेलं, तो आयसीयूत अडकायचा. मायस्थेनियासाठी थायमस काढणं ही इमर्जन्सी नसते. पेशंट आधी सावरायचा, मग टेबलावर घ्यायचा. पुढचं सगळं या एकाच वाक्याभोवती आहे.

आधी एक घोळ मिटवू. थायमस म्हणजे थायरॉईड नव्हे. थायरॉईड गळ्यात असतं. थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढ्यात असतं. विम्याच्या फॉर्मवर एकाच्या जागी दुसरं लिहिलेलं मी पाहिलंय, त्यामुळे प्री-ऑथचा, म्हणजे विम्याच्या पूर्वमंजुरीचा, कागद सही करण्याआधी स्वतः वाचा. लहान मुलांत हे थायमस चांगलं मोठं असतं, शरीराच्या संरक्षणातल्या टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वयात आल्यावर ते आक्रसत जातं आणि त्याची जागा चरबी घेते. मायस्थेनियात शरीर स्वतःच्याच स्नायूंवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे नसेचा हुकूम झेलणाऱ्या जागांविरुद्ध, अँटीबॉडी (हल्ला करणारी प्रथिनं) बनवतं. नस हुकूम सोडते, पण तो स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी पडते, एकाचे दोन दिसतात, जेवताना अर्ध्यावरच जबडा थकतो, बोलणं नाकातून येऊ लागतं. या बिघाडात थायमसचा हात असतो. बऱ्याच पेशंटमध्ये ते सुजल्यासारखं वाढलेलं असतं आणि साधारण १० ते १५ टक्क्यांत त्यात थायमोमा नावाची गाठ असते.

तुमचं खरंच काढायचं आहे का?

गाठ असेल तर प्रश्न फारसा उरत नाही. शरीर ऑपरेशन झेपण्याइतकं असेल तर काढायची. गाठ नसेल तर विचार करावा लागतो. ज्यांच्या रक्तात अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरच्या अँटीबॉडी सापडल्या आहेत, आजार फक्त डोळ्यांपुरता न राहता अंगभर आहे, वय फार झालेलं नाही आणि आजाराला फार वर्षं उलटलेली नाहीत, त्यांना फायदा होण्याची शक्यता चांगली. मस्क नावाची दुसरी अँटीबॉडी असेल तर थायमस काढून सहसा काही पदरात पडत नाही. म्हणून अँटीबॉडीचा रिपोर्ट हातात नसताना कोणी ऑपरेशनची भाषा करत असेल, तर तिथेच थांबवून विचारा.

या ऑपरेशनचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. पुढे 'ब्लू बेबी'च्या, म्हणजे हृदयातल्या जन्मजात दोषाने निळसर पडणाऱ्या बाळांच्या, ऑपरेशनमुळे नाव झालेल्या आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत नॅशव्हिलला एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली, आणि तिचा मायस्थेनिया सुधारला. मग गाठ नसलेल्यांचंही थायमस काढायला सुरुवात झाली. खरोखर उपयोग होतो का, हे मात्र नीट तुलना करून सिद्ध व्हायला २०१६ साल उजाडलं. १२६ पेशंटच्या त्या अभ्यासात निम्म्यांना ऑपरेशन आणि प्रेडनिसोलोनच्याच जातीचं स्टेरॉइड, तर निम्म्यांना नुसतं स्टेरॉइड दिलं होतं. तीन वर्षांत ऑपरेशनवाल्यांची ताकद जास्त सुधारली आणि एक दिवसाआडचा स्टेरॉइडचा डोस सरासरी ६० मिलिग्रॅमच्या जागी ४४ वर भागला. ऑपरेशनकडून अपेक्षा किती ठेवायची याचं हे माप आहे. गोळ्या कमी होतात, काहींच्या पुढे बंदही होतात, पण टाके निघाले की आजार गेला असं होत नाही.

उलट बाजूही सांगते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या कारणांनी थायमस काढलेल्या प्रौढांची, छातीचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांशी तुलना केली होती. पाच वर्षांत थायमस काढलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के आणि दुसऱ्या गटात २.८ टक्के निघालं, कॅन्सरही जास्त आढळला. मोठेपणी थायमस अगदीच निकामी असतं, हा समज त्यामुळे डळमळला. म्हणून सीटी स्कॅनवर सहज 'थायमस जरा मोठं' दिसलं, बाकी काही तक्रार नाही, आणि कोणी म्हणतंय काढून टाकू, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. मायस्थेनिया किंवा खरी गाठ असेल तर मात्र या आकड्यांना घाबरून मागे फिरू नका. तिथे फायद्याचं पारडं वेगळं असतं, त्यावर न्यूरॉलॉजिस्टशी बोला.

ऑपरेशनआधीचे आठवडे

माझ्या मते निम्मी लढाई इथेच होते आणि नातेवाइकांचं सगळ्यात कमी लक्ष इथेच असतं.

छातीचा सीटी झालेला असेल. त्याबरोबर श्वासाची क्षमता मोजणारी पीएफटी झालीच पाहिजे. घरी करायची एक साधी चाचणी आम्ही सगळ्यांना शिकवायचो. ताठ बसा, छाती भरून श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणा, सेकंदाला दोन या गतीने. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. रोज एकाच वेळी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. आकडा रोजच्यापेक्षा घसरायला लागला तर डॉक्टरांना कळवा, वीसच्या खाली आला तर वाट न बघता रुग्णालय गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या आजारात स्नायू थकत थकत शेवटाला येईपर्यंत तो ९७-९८ दाखवत राहतो.

गिळायला त्रास असेल किंवा श्वास उथळ असेल, तर ऑपरेशनआधी आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ द्रव काढून बदलणं) करतात. दोन्हींनी माणूस काही आठवड्यांपुरता उभा राहतो आणि त्याच काळात ऑपरेशन उरकून घ्यायचं असतं. आयव्हीआयजीचा नेहमीचा हिशेब किलोमागे २ ग्रॅम, काही दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हा खर्च बहुतेकांना ऑपरेशनपेक्षा जड जातो, त्यामुळे विमा कंपनीला तो वेगळा विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि दोन प्रश्न स्वतंत्र विचारा: ऑपरेशन पॅकेजमध्ये आहे का, आणि त्याआधीची ही औषधं आहेत का. दुसऱ्याचं उत्तर न घेता परत आलेले लोक नंतर पैशांसाठी धावपळ करतात.

नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचायला मदत करणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी बहुतेकांना सुरू असतेच. ती अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. जेवणाची वेळ त्या हिशेबाने लावा: गोळी, पाऊण तास थांबायचं, मग जेवण. मऊ भात-वरण, खिचडी, भाकरी असेल तर दुधात कुस्करून. मोठं जेवण दिवसा, रात्री हलकं, कारण संध्याकाळपर्यंत जबडा थकलेला असतो. गिळताना हनुवटी किंचित खाली घ्या. पाणी नाकातून येऊ लागलं तर तो त्या दिवशीचा फोन करण्याचा मुद्दा आहे, उद्याचा नाही.

स्टेरॉइड सुरू असेल तर ऑपरेशन जवळ आलंय म्हणून स्वतःहून कमी किंवा बंद करायचं नाही. डॉक्टर शक्य तितका लहान डोस ठेवतात, कारण जखम भरायला आणि जंतुसंसर्ग टाळायला ते बरं. पण एकदम थांबवलं तर शरीर कोसळतं. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर पेशंटला लांब ठेवा. स्वतः पेशंट शिंकू लागला तर तारीख पुढे ढकला, भले कोणी रजा घेऊन गावाहून आलेलं असो. एका शिक्षिकेच्या घरच्यांनी मुहूर्त काढला होता आणि नेमकी बाईंना खोकला-कफ. सर्जननी साफ नकार दिला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं, मुहूर्त कोणीही विचारला नाही.

सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला काय विचारायचं

सर्जनला विचारा, छाती उघडणार की दुर्बिणीतून करणार? छातीचं मधलं हाड उभं कापून केलेलं ऑपरेशन जुनं आणि खात्रीचं, मोठ्या किंवा आजूबाजूला चिकटलेल्या गाठीसाठी आजही बहुधा तेच. दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने बरगड्यांमधून दोन-तीन छिद्रं पाडून करतात. दुखणं कमी, घरी लवकर. छिद्रं लहान म्हणून आतलं काम लहान नसतं. थायमससोबत गळ्याच्या बुंध्यापासून खाली छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्यापर्यंत आजूबाजूची चरबीही काढायची असते, कारण त्या चरबीत थायमसचे तुकडे विखुरलेले असतात. दोन्ही बाजूंना त्या पडद्याला जाणारी फ्रेनिक नस असते, तिला धक्का न लावता. म्हणून रोबोट आहे का यापेक्षा 'तुम्ही मायस्थेनियाचे पेशंट नेहमी करता का' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तो विचारल्याचा चांगला सर्जन राग मानत नाही. गरज पडली तर दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच छाती उघडून पूर्ण करावं लागतं. तशी संमती आधी घेतात, तेव्हा घाबरू नका.

भूलतज्ज्ञाची भेट लोक नुसती सही करण्यापुरती समजतात. माझ्या लेखी सर्जनखालोखाल नाही, सर्जनच्या बरोबरीने महत्त्वाचा माणूस हाच. भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं वापरतात, आणि मायस्थेनियात ती नेहमीच्या मोजमापाने चालत नाहीत. काहींचा थोडासा डोसही फार काळ अंगात रेंगाळतो. त्यांना तुमच्या गोळ्यांची वेळ आणि डोस कागदावर लिहून द्या. पूर्वी कधी आयसीयूत गेलात का, गिळायला त्रास आहे का, हे न विचारताही सांगा. आणि दोन गोष्टी लिहून घ्या: ऑपरेशनच्या सकाळची पायरिडोस्टिग्मिन घ्यायची की नाही, आणि सकाळचं स्टेरॉइड कसं द्यायचं. पहिल्या प्रश्नावर डॉक्टरा-डॉक्टरांत पद्धती वेगळ्या असतात, त्यामुळे शेजारच्या पेशंटचं उत्तर तुमच्या कामाचं नाही. आदल्या रात्री झोप येत नाही म्हणून कोणी झोपेची गोळी देऊ केली तर भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

ऑपरेशनचा दिवस आणि आयसीयू

बाहेर बसणाऱ्यांसाठी: काही तास लागतात, वेळ लांबला म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही. संपल्यावर बऱ्याच ठिकाणी काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात. पिवळट चरबीचा, दोन पंखांसारखा पसरलेला तो गोळा बघून लोक म्हणतात, "एवढीच? आणि गाठ कुठाय?" गाठ नसलेल्यांत गाठ दिसणार कशी! ज्याला रक्त बघून चक्कर येते त्याने पुढे होऊ नये, एकाला उचलायला आम्हाला दोघी लागल्या होत्या. तो भाग फॉर्मालिनच्या बरणीत पॅथॉलॉजीला जातो. बरणी तुमच्या हातात दिली तर त्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक वाचा, पावती सांभाळून ठेवा.

पेशंट आयसीयूत असेल. नळी बहुधा लवकर काढतात, काहींना एखादा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवतात. तेवढ्यावरून धीर सोडू नका. छातीतून एक नळी येऊन खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. त्या बाटलीला पाय लावायचा नाही आणि ती कधीही छातीच्या पातळीवर उचलायची नाही. भेटायला आलेले लोक तिच्यावर नेमके अडखळतात.

या दिवसांत नातेवाइकांनी करायचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गोळीच्या वेळेवर नजर. बाकीच्या वॉर्डात आठची गोळी नऊला दिली तर काही बिघडत नाही. मायस्थेनियात तासाभराने पेशंटला थुंकी गिळता येत नाही. ड्यूटी बदलताना, सकाळी आणि रात्री, नम्रपणे आठवण करा. सिस्टरला राग आला तरी चालेल, मी पण चिडायचे आणि मग गोळी द्यायचे. मात्र पाकिटातली गोळी स्वतःहून भरवू नका. ऑपरेशननंतर गरज बदलते, डॉक्टरांनी डोस मुद्दाम कमी केलेला असू शकतो, आणि जास्त झाली तर तोंडात लाळ-कफ साचून, पोटात मुरडा येऊन ताकद उलट कमी होते.

दुखत असेल तर सांगा, सहन करू नका. दुखलं की माणूस खोकत नाही, खोकला नाही की कफ साचतो, आणि या पेशंटला न्यूमोनिया परवडत नाही. छाती उघडली असेल तर उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट कवटाळून खोकायचं. श्वास ओढून चेंडू वर उचलायचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर तासातासाला, पण थोडं थोडं. सगळे चेंडू वर राहिलेच पाहिजेत अशी पैज नाही, थकवा आला की थांबायचं. मानेला उशीवरून उचलता येत नाही, आवाज बारीक झाला, बोलताना वाक्य तुटतंय, ही चिन्हं दिसली तर मॉनिटरवर आकडे ठीक असले तरी लगेच हाक मारा.

घरी

दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर दोन-तीन आठवड्यांत माणूस बऱ्यापैकी कामाला लागतो. छाती उघडली असेल तर हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली, सिलिंडर, कडेवरचं मूल, काहीही उचलायचं नाही. खुर्चीतून उठताना हाताने रेटा द्यायचा नाही. बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग दुसऱ्याने पाठीला हात द्यावा. दुचाकी नाही, आणि गर्दीच्या वेळची लोकल तर मुळीच नाही. बायकांनी पुढून उघडणारी मऊ ब्रा वापरावी. स्तनांच्या वजनाने जखम ओढली जाते, आणि ही गोष्ट पुरुष डॉक्टर सहसा सांगत नाहीत. जखमेतून पाणी किंवा पू, ताप, हालचालीबरोबर हाड कटकटल्यासारखं वाटणं, यापैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आतल्या तारा कायमच्या तिथेच राहतात. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर त्यांना सांगा, बस.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट साधारण आठवडा-दहा दिवसांनी मिळतो. तो आणायला विसरणारे आणि आणून कपाटात ठेवणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिलेत. रिपोर्टात थायमोमा असेल तर त्याचा प्रकार (ए, एबी, बी१, बी२, बी३) आणि तो कुठवर पसरला होता हे लिहिलेलं असतं. त्यावर पुढे रेडिएशन लागेल का ते ठरतं. गाठ पूर्ण निघाली असली तरी वर्षानुवर्षं सीटी करत राहावं लागतं, कारण ही गाठ फार उशिराही परत येऊ शकते. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.

आणि गोळ्या. "ऑपरेशन झालं, आता गोळ्या कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय! थायमस काढल्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. पहिल्या महिन्यात पापणी तशीच पडत असेल तर ऑपरेशन वाया गेलं असं नाही. गोळ्या कमी करायच्या त्या न्यूरॉलॉजिस्टने, एका वेळी एक, आणि हळूहळू. मूल हवं असलेल्या बाईने तेव्हाच विषय काढावा, कारण काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत आणि ती बदलायला वेळ लागतो.

शेवटचं काम आजच करा. एका कार्डावर निळ्या पेनाने लिहा: मायस्थेनिया आहे, थायमस काढलं आहे, अमुक गोळ्या चालू. खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय न घेण्याची औषधं: जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकेसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांतले बीटा-ब्लॉकर, शिरेतून मॅग्नेशियम. ऑपरेशन झालेल्या एका रिक्षावाल्याला गावी ताप-खोकल्यावर यातलंच एक अँटिबायोटिक दिलं गेलं. देणाऱ्याला त्याचा आजार माहीतच नव्हता आणि याने सांगितलं नाही. तो पुन्हा आमच्या आयसीयूत आला. कार्डाचा एक फोटो मोबाइलमध्ये, एक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमध्ये, आणि मूळ कार्ड पाकिटात आधार कार्डाच्या मागे. दाताच्या डॉक्टरकडे जाताना तेच आधी दाखवायचं.